नऊ ग्रॅम कमी

प्रिय ताई,

फोन न करता पत्र आलं म्हणून तू आधी घाबरशील, मग वैतागशील आणि मग चष्मा शोधायला लागशील. तब्येत ठीक आहे. सकाळची साखर एकशे अठरा, पायाला सूज नाही. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. मी एक वाक्य मनात जुळवतोय तोवर तू तीन बोलून मोकळी होतेस आणि "चल, गिऱ्हाईक आलंय" म्हणून ठेवून देतेस. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, एवढाच त्याचा फायदा. आधी एकटीनं वाच. भाऊजींना दाखवायचं की नाही ते मग ठरव.

कचेरीत बसून लिहितोय. सकाळी दोन दुकानांचे वजनकाटे तपासून आलो. दुपारच्या जेवणानंतर इथं सगळे पेंगतात, तेव्हा कोणी विचारत नाही काय लिहितोस म्हणून. तसंही मी काहीतरी लिहीतच असतो, ही इथली जुनी थट्टा आहे. शेजारच्या टेबलावरचे कारकून म्हणतात, याला शिंक आली तरी हा वेळ लिहून ठेवतो. शिंकेची वेळ लिहीत नाही. साखर, वजन, खाणं, चालणं आणि पोट एवढं मात्र गेली अकरा वर्षं रोज लिहितो. तू मला काट्या म्हणायला लागलीस ते नोकरीमुळे, पण खरं तर मी नोकरीच्या आधीपासूनच तसा होतो.

तुला नमुन्याच्या पिशवीची गोष्ट सांगायची राहिली. गेल्या खेपेला दवाखान्यात द्यायची ती छोटी डबी मी सकाळीच भरली, बर्फाच्या पिशवीत घातली आणि वाटेत एका किराणा दुकानाची तपासणी उरकावी म्हणून सोबतच घेऊन गेलो. दुकानदार माझ्या पिशवीकडं बघत राहिला. शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, आत थंड काय आहे?" मी म्हटलं, "नमुना." त्याचा चेहरा असा उतरला की काही विचारू नकोस. "साहेब, तेल आजच उघडलंय, पाहिजे तर दुसरा डबा दाखवतो." मी त्याला सांगूही शकेना की बाबा रे, हा तुझा नाही, माझाच आहे. त्या दिवशी त्याचा काटा मात्र अगदी बरोबर निघाला.

या सगळ्याची सुरुवात तुझ्यापासूनच झाली, नाही का? दवाखान्याच्या भिंतीवरचा कागद तू वाचलास: ज्यांना साखर आहे आणि किडनीतून प्रथिनं गळायला लागली आहेत, अशांसाठी वर्षभराचा अभ्यास. आपण दोघंही त्यात बसत होतो, मला ओढत घेऊन गेलीस. नावं घालताना तिथल्या मुलीनं विचारलं, घरात आणखी कोणी अभ्यासात आहे का? तू पटकन "नाही" म्हणालीस. दोन घरं वेगळी, आडनावं वेगळी, म्हणजे उत्तर खरंच होतं. तरी मला ते त्या वेळीसुद्धा पुरतं खरं वाटलं नव्हतं. बोललो मात्र नाही.

डॉक्टरीणबाईंनी आपल्याला समोर बसवून समजावलं, ते मी घरी येऊन जसंच्या तसं उतरवून ठेवलंय. आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात. त्यातले काही आपण खाल्लेल्या तंतूंवर जगतात आणि त्याच्या बदल्यात आतड्याच्या अस्तराला पोसणारं काहीतरी तयार करतात. जुन्या साखरेत हे कमी होतात आणि दुसरे माजतात. ते प्रथिनं कुजवून एक विषारी माल तयार करतात. तो रक्तात जातो. धडधाकट किडनी तो गाळून बाहेर टाकते. आपल्यासारखी थकलेली किडनी टाकू शकत नाही, मग तो साचतो आणि तिलाच आणखी थकवतो. तू लगेच म्हणालीस, "म्हणजे पोटात भाडेकरू आहेत, आणि त्यांना जेवायला घातलं नाही तर ते घर पोखरतात." बाई हसल्या. पुढं तू म्हणालीस की अस्तर विरलं तर वरचं कापड किती दिवस टिकणार, आणि त्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या माणसाला सांगायला बरं पडेल म्हणाल्या. त्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. अकरा वर्षं वह्या मी भरतोय आणि एका बैठकीत सगळं तुला कळलं.

चाळीस माणसं. निम्म्यांना तंतूंची खरी पावडर, निम्म्यांना तशीच दिसणारी, तशीच लागणारी, पण काही न करणारी. कोणाला कोणती ते आपल्यालाही ठाऊक नाही, बाईंनाही नाही. यादी बंद पाकिटात. दर महिन्याला एक डबा, त्यावर ज्याचा त्याचा नंबर, निव्वळ वजन चारशे पन्नास ग्रॅम, रोज एक चमचा पाण्यातून. बाईंनी हेही सांगितलं होतं की पावडर उपयोगी पडते की नाही हे कोणालाच माहीत नाही, म्हणून तर अभ्यास. तेही माझ्या वहीत आहे, अधोरेखित.

आता मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं तुला माझ्याआधीपासून माहीत आहे. तरी क्रमानं सांगू दे, नाहीतर माझीच गडबड होईल.

पहिला डबा मी स्वतः आणला. सवयीनं वजन केलं: चारशे पन्नास, एक ग्रॅम इकडं नाही की तिकडं नाही. तीन आठवडे खाल्ला. पोटाच्या रकान्यात रोज एकच शब्द: नेहमीसारखं. तिकडं तुझं पोट पहिल्या आठवड्यापासून गुरगुरायला लागलं होतं. दुकानात गिऱ्हाइकाचं माप घेताना असा आवाज झाला की ती बाई मागं वळून बघायला लागली, आणि तू शिलाईच्या मशीनवर ढकललंस, हे सांगताना तू फोनवर हसून हसून बेजार झाली होतीस. दवाखान्यातल्या मुलीनं तुला सांगितलं होतं की तंतू पहिल्यांदा पोटात गेले की असं होऊ शकतं. ते तू मला सांगितलंस. त्यावर मी काय म्हणालो ते तारखेसकट माझ्याकडं आहे. मी म्हणालो, "तुझं पोट बोलतंय ताई, माझं मुकंच आहे. मला यांनी नुसतं पीठ दिलंय." तू म्हणालीस, "पीठ तर पीठ. गप खा." आणि दुसऱ्या महिन्यापासून तू म्हणायला लागलीस की दवाखाना तुझ्या वाटेवर आहे, माझाही डबा तूच आणत जाशील.

दुसरा डबा तू आणून दिलास तेव्हा झाकण उघडलेलं होतं. "घट्ट होतं, उघडून ठेवलंय." मी वजन केलं. चारशे एक्केचाळीस. तिसरा चारशे बेचाळीस, चौथा परत चारशे एक्केचाळीस. आणि ताई, इतकी वर्षं लोकांची मापं तपासलेल्या माझ्या डोक्यात काय आलं असेल? दवाखान्याचं भरण्याचं यंत्र नऊ ग्रॅम कमी भरतंय! झाकण कोणी उघडलं, का उघडलं, हे मनातच आलं नाही. वजन कमी आलं की चूक भरणाऱ्याची, एवढंच माझ्या हाडात मुरलंय. त्याच सुमारास माझं पोट बोलायला लागलं. पंधरा दिवस गुरगुर, मग शांत. रकान्यात मी लिहिलं: उशिरा का होईना, सुरू झालं. लिहिताना आनंद झाला होता हे कबूल करतो. तुझं पोट गप्प झालंय का, हे मी एकदाही विचारलं नाही.

सहा महिन्यांची तपासणी झाली. किडनी किती गाळते तो माझा आकडा त्रेचाळीसवरून चव्वेचाळीस, रक्तातला तो विषारी माल कमी. तुझा आकडा चौतीसवरून सत्तावीस, आणि माल वाढलेला. बाई तुला म्हणाल्या, वीसच्या जवळ आला की डायलिसिससाठी हातातल्या शिरेची तयारी करून ठेवावी लागेल. तू मान हलवलीस आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, "चहा पिऊ या का, बिनसाखरेचा?" मी मात्र तुझ्या डाव्या हाताकडं बघत होतो. आईची तीन वर्षं मला आठवत होती. आठवड्यातून तीनदा तू तिला डायलिसिसच्या मशीनवर घेऊन जायचीस. तिच्या सगळ्या कपड्यांच्या डाव्या बाहीला तू चेन लावली होतीस, सुई टोचताना बाही वर सरकवायला नको म्हणून. मग तिथल्या बाकीच्या बायकांनीही आपापले कपडे तुझ्याकडं आणून दिले. चेन लावायचे पैसे तू कोणाकडून घेतले नाहीस. त्या खोलीत काय असतं हे आपल्या दोघांत तुलाच जास्त माहीत आहे. मी बहुतेक वेळा बाहेर बाकावर बसून वही लिहायचो.

त्यानंतर मी तक्रार केली. हसू नकोस. नऊ ग्रॅमची. पाच महिन्यांची वजनं तारखांसह लिहून अभ्यासाच्या कचेरीत दिली. तिथल्या मुलीचं उत्तर आलं की यंत्र दर आठवड्याला तपासलं जातं, बाकी कोणाची तक्रार नाही, तरी पुढचा डबा न उघडता आणावा. न उघडता हे वाचल्यावर मी थांबलो. तुला फोन केला, "ताई, डबा उघडताना काही सांडतं का गं?" तू म्हणालीस, "सांडेल कशाला? मी काय तुझ्या दुकानदारांपैकी आहे का?" आणि ठेवून दिलास. गिऱ्हाईक आलंय असं त्या वेळी म्हणाली नाहीस.

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी मी तुझ्याकडं आलो होतो. तू धाग्यांची रिळं आणायला बाजारात गेली होतीस. भाऊजींनी दार उघडलं. स्वयंपाकघरात ओट्यावर दोन डबे, एक मोठं पातेलं, कागदाचं नरसाळं आणि तुझ्या मशीनची धूळ झाडायचा तो मऊ ब्रश, नवा कोरा. पातेल्याच्या कडेला पांढरी भुकटी चिकटलेली. भाऊजी म्हणाले, "हात लावू नकोस बाबा, तुझ्या ताईचा महिन्याचा उद्योग आहे. तुझी पावडर चाळून द्यावी लागते म्हणे, तुझं पोट नाजूक ना!" आणि चहा टाकायला वळले. त्यांना यातलं काही कळलेलं नाही, त्यांच्यावर चिडू नकोस. मी डब्यांवरचे नंबर बघितले. तुझ्या नंबरचा डबा रिकामा होता. तुझी पावडर माझ्या नंबरच्या डब्यात गेली होती, आणि त्यातली माझी पातेल्यात होती. मी पाणी पिऊन निघून आलो. भाऊजींनी तुला सांगितलं असेल, काट्या आला होता म्हणून. तू काही बोलली नाहीस, मीही नाही. चार दिवसांनी तू डबा आणून दिलास आणि मी घेतला.

तुझ्यावर रागावायचा प्रयत्न करून पाहिला. थोडा आलाही. तू ठरवणारी कोण, असं वाटलं. पण मग मी माझ्या वह्या काढल्या आणि मागं मागं वाचत गेलो, आणि रागाचं तोंड माझ्याकडंच वळलं. मला पीठ दिलंय असं मी म्हणालो, ते कोणाशी बोललो? बाईंशी नाही. भाऊजींशी नाही. तुझ्याशीच. लहानपणी खिडकीजवळचा पलंग तुझा होता. मी तो मागितला नव्हता. मी फक्त म्हणालो होतो की मला इथं वारा येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर तुझी उशी आतल्या भिंतीला आणि माझी खिडकीशी. आयुष्यात मी तुझ्याकडं काही मागितलं नाही, असं मी अभिमानानं लोकांना सांगत आलोय. मागायची गरजच नव्हती. काय कमी आहे एवढं तुला ऐकू जाईल असं बोललं की पुरत होतं. मी हे मुद्दाम करतो का? इतके दिवस विचार करतोय, उत्तर सापडत नाही. मुद्दाम नाही असं छातीठोकपणे लिहायला गेलो की पेन थांबतं.

आज सकाळी, दुकानांच्याही आधी, मी डॉक्टरीणबाईंकडं जाऊन आलो. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं: डबे, वजनं, पातेलं. तुझं नाव घेतलं, कारण न घेता सांगता येण्यासारखं नव्हतं. चाळीस माणसांत दोन माणसं उलटी बसली तर त्यांचा हिशेबच फिरतो. पावडर चांगली असेल तर आपल्यामुळे ती वाईट दिसेल, आणि मग आपल्यासारख्या कितीतरी जणांपर्यंत ती पोचणारच नाही. मला वाटलं होतं बाई चिडतील. त्यांनी आपल्या दोघांच्या फायली काढून समोर ठेवल्या. मग त्यांनी विचारलं, "ताई सध्या जेवतात का नीट?" म्हटलं, जेवते. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही एकमेकांचे कोण, हे आम्ही नीट विचारलं नाही. दोन घरं असली तरी भावंडं भावंडंच असतात. पुढच्या वेळी प्रश्न बदलू."

आपल्या दोघांचे आकडे मुख्य निकालातून वेगळे काढायचे की कसं, ते त्यांची समिती ठरवेल. डबे आजपासून बंद. पाकीट उघडायचं का, हेही समितीच ठरवणार. म्हणजे तुझा डबा खरा होता का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. कदाचित दोन्ही डबे नुसतं पीठच असतील. कदाचित माझं पोट तुझ्या बोलण्यानंच गुरगुरलं असेल आणि माझा आकडा संध्याकाळच्या चालण्यानं टिकला असेल. तुझी साखर माझ्यापेक्षा आठ वर्षं जुनी आहे. आकडा तसाही उतरला असता, असं बाई स्वतः म्हणाल्या, आणि हे तुला नक्की सांगा म्हणाल्या. पण डबे बदलताना तुला यातलं काही माहीत नव्हतं. आपला खरा आहे असं समजूनच तू तो मला दिलास. त्याचं वजन करायला माझ्याकडं काटा नाही. उद्या सकाळी दहाच्या सुमारास बाईंचा तुला फोन येईल. रागावायला नाही. तुझी तपासणी पंधरा दिवस अलीकडं घेणार आहेत, आणि अभ्यासातून बाहेर काढलं तरी तुझ्यावरचे उपचार त्या स्वतः बघणार आहेत. तू जा. मी सुटी टाकली आहे, मीही येतो. आत येईन, बाहेर बाकावर बसणार नाही.

एवढं सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहिलं ते पुढच्या दोन ओळींसाठी, आणि त्या लिहायला मला सगळी दुपार लागली. तुझ्या ओट्यावर मी पातेलं बघितलं त्या दिवसापासून आज सकाळपर्यंत तेवीस दिवस झाले. चार दिवस माझ्या जुन्या डब्यातली पावडर पुरली, ती कुठून आली हे माहीत असून खाल्ली. मग तू नवा डबा आणून दिलास, त्यातले एकोणीस चमचे सगळं माहीत असून खाल्ले. रोज सकाळी वाटायचं, आज सांगू, आणि रोज सकाळी मी चमचा भरून पाण्यात ढवळायचो, कारण चव्वेचाळीस हा आकडा मला हवा होता. तुझा सत्तावीस मला पाठ होता, तरी हवा होता. वहीत त्या तेवीस दिवसांचा पोटाचा रकाना कोरा आहे. डॉक्टरीणबाईंना मी बाकी सगळं सांगितलं. कधीपासून माहीत होतं हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तर सांगेन, पण ते दिवस त्यांचे नाहीत, तुझे आहेत, म्हणून आधी तुला. माफी मात्र मागत नाही, ताई. मागितली की तू लगेच देऊन टाकशील, आणि या खेपेला तू मला काही द्यावंस असं मला वाटत नाही.

तुझाच,
धाकटा